आकाशाचे मालक कोण?

देशाच्या फाळणीत ज्यांची घरेदारे गेली, त्यांचे स्मरण करण्यासाठी १४ ऑगस्ट हा दिवस २०२१ सालापासून सरकारी पातळीवर पाळला जातो. आपल्या उल्हासनगरला हे स्मरण कोणी शिकवावे लागत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ सैन्यासाठी उभारलेल्या छावणीत सिंधमधून आलेली सुमारे एक लाख माणसे उतरली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या छावणीचे ‘उल्हासनगर’ झाले. छावणीचे शहर झाले, तरी छावणीची खूण पुसली गेली नाही. कॅम्प १ ते कॅम्प ५ हेच आजही आमचे पत्ते आहेत. कॅम्प २ मधल्या जपानी बाजारातून कापडाच्या गठ्ठ्यांची वाट चुकवीत जाणाऱ्या तरुणाला ठाऊक नसेल. पण त्याच्या आजोबांचे पहिले बिऱ्हाड बहुधा एखाद्या बराकीतल्या पडद्याआडच्या खोलीत थाटले गेले होते.

ज्या दुःखासाठी आज सरकारी दिनदर्शिकेत जागा आहे, तेच दुःख पडद्यावर दाखवावे की दाखवू नये, यावरून १९८८ साली या देशात केवढे वादळ उठले होते, याचे विस्मरण मात्र पुष्कळांना झाले आहे. त्या वादळाची कथा आज पुन्हा सांगावीशी वाटते, ती केवळ स्मरणरंजनासाठी नव्हे. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या आकाशवाणी-दूरदर्शनने वादग्रस्त राजकीय विषय कसे हाताळावेत, आणि त्या हाताळणीचा जाब त्यांना कोणी विचारावा, हा प्रश्न त्या वेळी जितका निकडीचा होता तितकाच आजही आहे.

ती मालिका म्हणजे ‘तमस’. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवरून गोविंद निहलानी यांनी ती निर्माण केली. कादंबरीचे कथानक पंजाबातले, फाळणीच्या आदल्या दिवसांतले. परंतु तिच्या जन्माशी आपल्या ठाणे जिल्ह्याचा निकटचा संबंध आहे. १९७० च्या मे महिन्यात भिवंडीत भीषण दंगल झाली. दंगलीनंतर भीष्म साहनी आपले बंधू, अभिनेते बलराज साहनी यांच्यासमवेत तेथे आले. ओस पडलेल्या गल्ल्या आणि थांबलेले माग पाहून त्यांना १९४७ चे रावळपिंडी आठवले, आणि त्या आठवणीतून कादंबरी उभी राहिली. दिग्दर्शक निहलानी हे स्वतः कराचीत जन्मलेले, फाळणीने इकडे आणलेल्या एका सिंधी कुटुंबातले. रावळपिंडी, भिवंडी आणि कराची या तीन गावांच्या जखमा एका पडद्यावर एकत्र आल्या होत्या, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शनने ही मालिका दाखवण्यास आरंभ केला, तेव्हा देशात दूरचित्रवाणीची दुसरी वाहिनी म्हणण्यासारखी नव्हती. जे दूरदर्शनवर दिसेल तेच देश पाहणार, अशी स्थिती होती. साहजिकच विरोध उठला. मालिका एका पक्षाची बदनामी करते असे कोणी म्हणाले, दुसऱ्या समाजाच्या भावना दुखावते असे आणखी कोणी म्हणाले. निदर्शने झाली, दिग्दर्शकाला पोलिसांचे संरक्षण घ्यावे लागले. मुंबई उच्च न्यायालयात अर्ज गेला व प्रक्षेपणाला तात्पुरती मनाई मिळाली. तेव्हा न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी एक साधी गोष्ट केली, जी विरोध करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी केलेली नव्हती: त्यांनी सहाही भाग स्वतः पाहिले. पाहून झाल्यावर त्यांनी मनाई उठवली. इतिहासाच्या चुका समजल्या तरच त्या टाळता येतात, आणि निरक्षर माणूस म्हणजे विवेकशून्य माणूस नव्हे, असा त्यांच्या निर्णयाचा आशय होता. पुढे फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तोच कौल दिला. त्यासाठी त्याने आधार घेतला तो नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी १९४६ साली घालून दिलेल्या कसोटीचा. शब्दांचा परिणाम काय होईल हे समंजस आणि खंबीर मनाच्या माणसावरून ठरवावे. प्रत्येक विरोधी मतात ज्याला धोका दिसतो अशा दुबळ्या मनाच्या माणसावरून नव्हे, अशी ती कसोटी आहे.

प्रस्तुत लेखक त्या वेळी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात होता. कॅम्प २ मधील ज्या चाळवजा बराकीत आमचे वास्तव्य होते तेथे दूरचित्रवाणी संच दोनच. त्यातल्या एकाच्या भोवती ‘तमस’च्या रात्री सारी आळी गोळा होई. शेजारच्या वृद्ध सिंधी बाई, ज्यांना लहानथोर सगळेच ‘दादी’ म्हणत, दाराशी पाटावर बसून पाहत. हे पाहून लोक बिथरतील, अशी भीती वर्तमानपत्रांतून वाचली होती. आमच्या आळीत कोणी बिथरले नाही. एका रात्री भाग संपल्यावर दादी आपल्या मोडक्या मराठीत एवढेच म्हणाल्या, “आमच्याकडे असंच झालं, बेटा. पण हे कोण करवतं, ते तेव्हा कोणी सांगितलं नाही.” कादंबरीचा प्रारंभ आठवून पाहावा. गरीब नथ्थूकडून डुक्कर मारवून घेतले जाते ते दुसऱ्याच कामाचे निमित्त सांगून, आणि त्या एका कलेवरातून गावभर आग पसरते. आग लावणारा हात कोणाचा, हे दाखवणे म्हणजे आग लावणे नव्हे, ही गोष्ट दादींना न्यायालयाच्या निकालाची वाट न पाहता समजली होती.

पुढे शिक्षकाच्या पेशात असताना इतिहासाच्या तासाला फाळणीचे प्रकरण शिकवताना आम्हांला या वाक्याची पुनःपुन्हा आठवण होई. जे मुलांना वर्गात सांगितले जात नाही, ते त्यांना नाक्यावर कोणीतरी सांगतोच; आणि नाक्यावरचा शिक्षक आपल्या कथनाची जबाबदारी घेत नाही.

‘तमस’च्या बाबतीत दूरदर्शन आपल्या निर्णयावर ठाम राहिले, हे त्याचे श्रेय आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु हा ठामपणा हा नियम नव्हता, अपवाद होता. नियम कोणता, हे पाहण्यासाठी दूर जावयास नको. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी नभोवाणीवरून मुंबई केंद्रशासित होणार असल्याचे घोषित केले, तेव्हा ज्या शहराचा तो निकाल होता त्या शहराला त्याच ध्वनिक्षेपकावरून उत्तर देण्याची सोय नव्हती. ते उत्तर रस्त्यावर दिले गेले आणि त्याची किंमत रक्ताने मोजली गेली. २६ जून १९७५ च्या सकाळी आणीबाणीची वार्ता देशाने आकाशवाणीवरूनच ऐकली. पुढची एकोणीस-वीस महिने त्या आवाजातून दुसरे मत उमटले नाही. ६ फेब्रुवारी १९७७ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण व जगजीवन राम यांची सभा होती. त्या संध्याकाळी लोकांनी घराबाहेर पडू नये म्हणून दूरदर्शनने ‘बॉबी’ हा लोकप्रिय बोलपट लावला. मैदान तरीही भरले. त्या वर्षी जनता सरकारने प्रसारमाध्यमांच्या दुरुपयोगावर श्वेतपत्रिका काढली.

हे सारे काँग्रेसच्या राजवटीतले, म्हणून सोडून द्यावे, असे कोणी म्हणेल तर ते अर्धसत्य ठरेल. सत्ता बदलली, सवय बदलली नाही. ३ ऑक्टोबर २०१४ रोजी नागपूरहून राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या सरसंघचालकांचे विजयादशमीचे भाषण दूरदर्शनने थेट दाखवले. ते बातमी म्हणून दाखवले, असे समर्थन झाले. ते मान्य केले, तर ऑगस्ट २०१७ मध्ये त्रिपुराचे तत्कालीन मुख्यमंत्री माणिक सरकार यांचे स्वातंत्र्यदिनाचे भाषण जसेच्या तसे प्रसारित करण्यास आकाशवाणी आणि दूरदर्शन यांनी का नकार दिला? निवडून आलेल्या मुख्यमंत्र्याचे भाषण ही बातमी नव्हे काय? २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पक्षांना मिळणाऱ्या प्रसारणवेळेत सीताराम येचुरी यांच्या संहितेतून काही शब्द वगळावयास लावले गेले; निवडणूक आयोगाची आचारसंहिता हे त्याचे कारण सांगण्यात आले. कदाचित ते कारण योग्यही असेल. परंतु तोच निकष सर्व पक्षांना सारख्याच कठोरपणे लावला गेला की नाही, हे पडताळून पाहण्याचे साधन तुमच्या-आमच्या हाती नाही. आमचा आक्षेप नेमका येथे आहे.

आम्ही हे प्रारंभीच सांगावयास हवे होते, ते आता सांगतो: कोणत्या पक्षाला किती मिनिटे मिळाली, हा या लेखाचा विषय नाही. संपादक म्हणून निवड करणे म्हणजे काय, हे आम्ही रोज अनुभवतो. रोज शंभर बातम्या हाती येतात आणि वीस छापल्या जातात. उरलेल्या ऐंशींपैकी प्रत्येकीचा कोणी ना कोणी धनी आमच्यावर रुष्ट असतो. निवड चुकते. निवड पक्षपातीही होते. परंतु वृत्तपत्राचा वाचक दुसऱ्या दिवशी अंक बंद करू शकतो. सार्वजनिक प्रसारकाला पैसा देणाऱ्या नागरिकाला ती मुभा नाही. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळ समितीने आकाशवाणी-दूरदर्शनच्या यंत्रसामग्रीसाठी २,५३९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तो पैसा दूरदर्शन पाहणाऱ्याचा आहे तसा न पाहणाऱ्याचाही आहे. केबलचालकाने दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवल्याच पाहिजेत, असा १९९५ चा कायदा आहे. खासगी एफ. एम. केंद्रे आली, पण स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा त्यांना दीर्घकाळ नाकारली गेली. ज्याला कायद्याने एवढे अभय दिले आहे, त्याने उत्तर देण्याचे ओझेही उचलले पाहिजे.

आणि हे ओझे कायद्यात लिहिलेले आहे! १९६६ साली चंदा समितीने आकाशवाणीला स्वायत्तता द्यावी असे सुचवले. १९७८ साली बी. जी. व्हर्गीज समितीने तेच अधिक विस्ताराने सांगितले. अखेर १९९० साली प्रसार भारती कायदा झाला आणि तो अमलात यावयास १९९७ चा सप्टेंबर उजाडला. त्या कायद्याचे १२ वे कलम सार्वजनिक प्रसारकावर असे कर्तव्य टाकते की, लोकहिताच्या प्रत्येक विषयावर मोकळेपणाने, सत्य आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याचा नागरिकाचा हक्क त्याने जपावा; परस्परविरोधी मतांसह समतोल माहिती द्यावी; आणि स्वतःचे कोणतेही मत वा विचारसरणी पुढे रेटू नये. याहून अधिक स्पष्ट शब्द कोणते असू शकतात? १३ व्या कलमात २२ खासदारांची समिती आहे. १४ व्या आणि १५ व्या कलमांत प्रसारण परिषद आहे, जिच्याकडे कोणत्याही नागरिकाने तक्रार घेऊन जावे. २३ व्या कलमाने सरकारला काही विशिष्ट कारणांसाठी प्रसारणाबाबत आदेश देता येतो, परंतु अशा प्रत्येक आदेशाची प्रत संसदेपुढे ठेवावी लागते.

आता वाचकांनी स्वतःच्या मनाला विचारावे. त्या २२ खासदारांच्या समितीचा एखादा अहवाल आपण कधी वाचला आहे काय? प्रसारण परिषदेकडे तक्रार करून उत्तर मिळवलेला एखादा नागरिक आपल्या परिचयात आहे काय? घराचा आराखडा सुंदर असावा, पण दारेच बसवलेली नसावीत, तशी या कायद्याची अवस्था झाली आहे. म्हणून ज्याला दाद हवी असते त्याला न्यायालयाचेच दार ठोठवावे लागते. मुंबईचे चित्रपटकार आनंद पटवर्धन यांचा ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’ हा अनुबोधपट १९९५ चा. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला हा चित्रपट दाखवण्यास दूरदर्शनने नकार दिला, उच्च न्यायालयात हार पत्करूनही हेका सोडला नाही, आणि २५ ऑगस्ट २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो दाखवण्याचा आदेश दिला. अकरा वर्षे! भोपाळच्या वायुदुर्घटनेवरील अनुबोधपटाच्या बाबतीतही १९९२ साली सर्वोच्च न्यायालयालाच दूरदर्शनचे कान धरावे लागले होते. पटवर्धनांजवळ चिकाटी होती. कॅम्प २ मधल्या एखाद्या दुकानदाराने किंवा अंबरनाथच्या आयुधनिर्माणीतून निवृत्त झालेल्या एखाद्या कारागिराने अकरा वर्षे वकील कोठून आणावा?

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, वादग्रस्त विषय दाखवल्याने शांतता धोक्यात येते. दंगलीची झळ लागलेल्या जिल्ह्यात राहून आम्ही हा आक्षेप हसण्यावारी नेणार नाही. परंतु अशांततेच्या घटकेला नक्की काय हवे असते, हे आपल्या बदलापूरने अलीकडेच अनुभवले. शाळकरी बालिकांवरील अत्याचाराने संतप्त झालेल्या लोकांनी २० ऑगस्ट २०२४ रोजी स्थानकात कित्येक तास रेल्वे रोखून धरली. इंटरनेट बंद करण्यात आले. कामावरून परतणारे हजारो लोक वाटेत अडकले, घरची माणसे काळजीत पडली, आणि कानोकानी नाना अफवा फिरल्या. अशा वेळी मौन हा अफवेचा सर्वांत मोठा मित्र असतो. ज्याच्या शब्दावर संतप्त नागरिक आणि बंदोबस्तावरचा शिपाई या दोघांनाही सारखाच विश्वास ठेवता येईल, असा एक आवाज त्या घटकेला लागतो. तो विश्वास ऐन वेळी निर्माण करता येत नाही. शांततेच्या दिवसांत खरे बोलून तो साठवावा लागतो.

दुसरा आक्षेप असा की, आता दूरदर्शन पाहतो कोण? शेकडो वाहिन्या आहेत, हातात भ्रमणध्वनी आहे. हा आक्षेप आमच्या मते उलट बाजूने बोलतो. विहिरी शंभर झाल्या म्हणून नगरपालिकेचा नळ गढूळ आला तरी चालेल, असे आपण म्हणत नाही. उलट खासगी विहिरींच्या पाण्याची खात्री नसते तेव्हाच नळाचे मोल कळते. रात्री नऊ वाजता एकमेकांवर ओरडणाऱ्या मंडळींच्या गदारोळात, दोन्ही बाजू शांतपणे मांडणारे एक स्थान असणे ही चैन नव्हे, गरज आहे.

बाहेरच्या जगात सारे आलबेल आहे, असा आमचा दावा नाही. बी.बी.सी.च्या एका कार्यक्रमात अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांच्या ६ जानेवारी २०२१ च्या भाषणाचे दूरदूरचे तुकडे जोडून दाखवले गेले, त्यामुळे अर्थ बदलला. नोव्हेंबर २०२५ मध्ये हे प्रकरण चव्हाट्यावर येताच संस्थेचे महासंचालक टिम डेव्ही आणि वृत्तविभागाच्या प्रमुख डेबोरा टर्नेस यांनी राजीनामे दिले. संस्थेचे अध्यक्ष समीर शहा, ज्यांचा जन्म आपल्या औरंगाबादचा, यांनी चुकीबद्दल क्षमा मागितली आणि संसदीय समितीच्या प्रश्नांना उघडपणे उत्तरे दिली. त्या प्रकरणात राजकीय दडपण नव्हते असे मुळीच नाही. पण चूक कोणती, ती कोणाची, आणि तिचे उत्तर कोणी द्यावयाचे, हे सामान्य इंग्रज नागरिकाला कळले. आपल्याकडे चूक झाली, तर ती झाली हेच प्रथम न्यायालयात सिद्ध करावे लागते.

आमची मागणी म्हणूनच अगदी साधी आहे. राजकीय विषयावरचा कार्यक्रम वा भाषण नाकारले किंवा त्यात काटछाट केली, तर त्याची लेखी कारणे ठरावीक मुदतीत प्रसिद्ध झाली पाहिजेत. सरकारने दिलेला प्रत्येक आदेश कायद्याप्रमाणे संसदेपुढे आणि पर्यायाने लोकांपुढे आला पाहिजे. कोणत्या पक्षाला बातम्यांत किती वेळ मिळाला, याचा हिशेब दर तिमाहीस जाहीर व्हावा. संसदेची समिती आणि प्रसारण परिषद लोकांच्या डोळ्यांदेखत काम करताना दिसावी. यासाठी नवा कायदा नको. बहुतेक सारे जुन्याच कायद्यात आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही आपली तीन शहरे कल्याण व भिवंडी या दोन लोकसभा मतदारसंघांत विभागली आहेत. या दोन्ही मतदारसंघांच्या खासदारांनी, ते कोणत्याही बाकावर बसोत, हा प्रश्न लोकसभेत विचारावा. आणि तो विचारला की नाही, हे वाचकांनी त्यांना विचारावे.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या सरकारच्या नाहीत, तशा धनिकांच्याही नाहीत. आकाशाचे मालक आपणच आहोत. परंतु मालकाने कधी हिशेब मागितलाच नाही, तर कारभारी स्वतःला मालक समजू लागतो, यात नवल ते काय? दादी आज हयात नाहीत. ‘हे कोण करवतं’ हा त्यांचा प्रश्न मात्र शिल्लक आहे. तो विचारण्याची आणि त्याचे उत्तर ऐकण्याची सोय या देशाच्या सार्वजनिक पडद्यावर असली पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे.